नदी उशाला, सहल कोलाडला

शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीच्या शिवाजी चौकात गाड्या अडकतात, तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणांना पाण्याकडे जायचं असतं. कुणाला पवना धरणाच्या काठी तंबूत रात्र काढायची असते, कुणाला लोणावळ्यात भिजायचं असतं, कुणाची अख्खी टीम पहाटे ताम्हिणी उतरून कोलाडला राफ्टिंगला निघणार असते. ज्यांना एवढं लांब जमत नाही ते रविवारी ऊन उतरलं की कासारसाई धरण गाठतात. पाच दिवस बंद काचेआड बसलेल्या माणसाला सहाव्या दिवशी पाणी बघावंसं वाटतं, त्यात पाय सोडून बसावंसं वाटतं. मी याला चैन म्हणत नाही. ही गरज आहे आणि ती भागवणं शहराचं काम आहे.

मग प्रश्न सरळ आहे. मुळा नदी इथून तीन-चार किलोमीटरवर वाहते. तिच्याकडे कुणी का जात नाही?

जाऊन बघा, उत्तर मिळेल. वाकड आणि बालेवाडीच्या मधून, महामार्गाच्या पुलाखालून ती जाते. पुलावरून रोज हजारो गाड्या धावतात. खाली उतरायला धड पायवाट नाही. राडारोड्याच्या ढिगांवरून तोल सांभाळत जावं लागतं. ढिगात फुटक्या टाइल्स, पोत्यातच गोठलेलं सिमेंट, बेसिनचे तुकडे, जुन्या गाद्या. बिल्डरचे डंपर रात्री येतात, ओतून जातात. त्यापलीकडे घाणेरीची झुडपं, आणि मग पाणी. हिवाळ्याच्या सुमारास तेही दिसेनासं होतं, कारण जलपर्णी या काठापासून त्या काठापर्यंत पसरते. जलपर्णीला पोसायला सांडपाणी लागतं आणि ते इथे बारमाही आहे. तिच्याखाली डास. २०२४ च्या फेब्रुवारीत याच नदीच्या खालच्या अंगाला, केशवनगर-खराडीकडे, डासांचे उंच फिरते खांब हवेत उभे राहिले आणि ते व्हिडिओ देशभर फिरले. अशा काठावर मुलाबाळांना घेऊन कोण येईल?

काठ कुणाच्या ताब्यात आहे तेही ऐका. एका बाजूला पुणे महापालिका. समोर पिंपरी-चिंचवड महापालिका. वरच्या अंगाला ग्रामपंचायती आणि पीएमआरडीए. हिंजवडीचे रस्ते आणि भूखंड एमआयडीसीचे. पात्र आणि पूररेषा जलसंपदा विभागाच्या. पाण्याची तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळाची. सात जण मालक आणि नदी बेवारस.

हिंजवडी, माण, मारुंजी या गावांत टॉवर आधी उभे राहिले आणि मैलावाहिन्यांचा विचार नंतर सुरू झाला. मोठ्या गृहप्रकल्पांना स्वतःचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, म्हणजे एसटीपी, सक्तीचा आहे. तो बांधला जातो, भोगवटा प्रमाणपत्र मिळतं, आणि मग विजेचं बिल परवडत नाही म्हणून बऱ्याच ठिकाणी तो बंद पडून राहतो. सांडपाणी ओढ्यात जातं, ओढा मुळेला मिळतो. ओढेही धड राहिलेले नाहीत. कुठे भराव, कुठे कुंपण, कुठे ओढ्याच्या जागी नुसता पाइप. २०२५ च्या जूनमध्ये हिंजवडीचे रस्ते पाण्याखाली गेले, बसगाड्या त्यातून वाट काढताना अख्ख्या देशाने पाहिल्या. पाणी त्याच्या जुन्या वाटेने आलं होतं, वाट आपण बुजवली होती. हेच ओढे मोकळे असते, कडेला करंज-उंबराची झाडं आणि चालायला चार फुटांची वाट असती, तर आयटी पार्कच्या फेज वनमधला माणूस कामावरून सुटल्यावर पायी नदीपर्यंत गेला असता. ट्रॅफिकमध्ये बसून घालवण्यापेक्षा त्याचा तो वेळ सत्कारणी लागला असता.

आता कोलाडबद्दल. हे वाचकांनी नीट लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाशी मुळशीचं धरण आहे, टाटांनी बांधलेलं. धरणाचं पाणी बोगद्यातून आणि मोठ्या नळांतून सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोकणात सोडतात, सुमारे ५०० मीटर. खाली भिरा इथे वीजघर आहे, १९२७ पासून चालू. वीज करून झाली की ते पाणी कुंडलिका नदीत जातं. कोलाडची राफ्टिंग याच कुंडलिकेवर चालते. सकाळी पाणी सुटलं की राफ्ट निघतात. पाणी नसेल तर राफ्टिंग नाही. म्हणजे हिंजवडीची टीम पहाटे उठून, मुळशीच्या जलाशयाच्या कडेने, ताम्हिणी उतरून, शंभरेक किलोमीटर जाते आणि पैसे मोजून ज्या पाण्यात वल्हं मारते, ते पाणी मुळेचं आहे. डोंगराने पूर्वेला आपल्याकडे वाहायला दिलेलं पाणी आपण पश्चिमेला वळवलं आणि आपल्या दाराशी जे उरलं त्यात आपलं सांडपाणी सोडलं. पावसाळ्यात धरण भरलं की विसर्ग होतो, मुळा दुथडी भरून वाहते, गावांना सावधानतेचे इशारे दिले जातात. पाऊस सरला की वाकडपाशी जे वाहतं त्याला नदीचं पाणी म्हणायला जीभ रेटत नाही.

या धरणासाठी मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांची गावं आणि भातखाचरं गेली. १९२१ च्या रामनवमीला त्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्यात उतरले आणि जन्मभरासाठी ‘सेनापती’ झाले. शंभर वर्षं उलटली, हिशेब अजून चुकता झालेला नाही. पुण्याला पिण्यासाठी मुळशीचं पाणी मिळावं ही मागणी जुनी आहे आणि ती रास्त आहे. माझी मागणी तिच्या शेजारी लिहून ठेवा: पिण्याच्या पाण्याबरोबर थोडं पाणी खुद्द मुळेलाही मिळालं पाहिजे, बाराही महिने. वीज दुसरीकडून आणता येते. नदी दुसरीकडून आणता येत नाही.

तुम्ही म्हणाल, नदीकाठाचं काम तर जोरात सुरू आहे. आहे ना. पुणे महापालिकेचा नदीकाठ सुधार प्रकल्प मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटरचा आहे. ६ मार्च २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. अंदाजे खर्च ४,७०० कोटींच्या घरात. नमुना साबरमतीचा, आराखडाही अहमदाबादच्याच वास्तुरचनाकारांचा. मुळेचा भाग वाकडपासून सुरू होतो. समोरच्या काठावर पिंपरी-चिंचवडनेही वाकड ते सांगवी असा आपला प्रकल्प काढला आहे. दोन्हीकडे बांध, पायवाटा, बाकं, दिवे.

बाकं हवीतच, माझा बाकांशी दावा नाही. पण बाकावर बसून बघायचं काय? ते आधी ठरवा. साबरमतीच्या त्या देखण्या पट्ट्यातलं पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणून भरलेलं आहे. शहर ओलांडलं की खालच्या अंगाला त्याच नदीची काय अवस्था आहे हे गुजरातच्या उच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सुनावलं आहे. आपल्याला तो अर्धा धडा गिरवायचा आहे का? आणि पुण्यातलं सांडपाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प कुठवर आला? जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून २०१६ मध्ये तो ठरला: ९९० कोटी, ११ शुद्धीकरण केंद्रं, रोज ३९.६ कोटी लिटरची क्षमता. मुदत होती जानेवारी २०२२. ती केव्हाच उलटली. काठाचं भूमिपूजन झालं तेव्हा पाण्याची ही मुदत संपून गेली होती, आणि तरी फरसबंदीची घाई झाली. हा क्रम चुकलेला आहे आणि तो चुकलाय हे सांगणाऱ्यांना विकासविरोधी म्हणणं थांबवा. राम नदी मुळेला मिळते तिथली जुनी झाडं वाचवायला २०२५ च्या फेब्रुवारीत लोक झाडांना मिठी मारून उभे राहिले. त्यांत बाणेर-औंधचे आजी-आजोबा होते, शाळकरी मुलं होती. त्यांना काठ नको होता असं नाही. काठ आहे तसा, सावलीसकट, हवा होता.

काठ अरुंद झाला की पुराचं काय होतं, तेही आपण पाहिलंय. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरात मुठेचं पाणी शिरलं. निळी आणि लाल पूररेषा नकाशावर आहेत. त्या ओलांडून आपण राहायला गेलो आणि आता फिरायलाही तिथेच काँक्रीट घालतो आहोत.

पॅरिसकडे बघा. सेन नदीत पोहायला १९२३ पासून बंदी होती. ५ जुलै २०२५ ला ती उठली, तीन ठिकाणी पाण्यात उतरायला परवानगी मिळाली. त्याआधी त्यांनी सुमारे १४० कोटी युरो खर्च केले आणि तो पैसा गेला मुख्यतः जमिनीखाली: मैलावाहिन्या, घराघरांच्या चुकीच्या जोडण्या, ऑस्टरलिट्झ स्थानकाजवळ पावसाचं पाणी साठवायला खोदलेली ५० हजार घनमीटरची टाकी. त्या टाकीसमोर फोटो काढायला कुणी जात नाही. पण तिच्या जिवावर आज पॅरिसची पोरं नदीत उड्या मारतात. इतकं करूनही जोराचा पाऊस झाला की पाणी तपासतात आणि गरज पडली तर तरणतळाचे झेंडे बदलतात. तिथे नदीत उतरायचं की नाही हे प्रयोगशाळेचा त्या दिवसाचा अहवाल ठरवतो.

हे परदेशाचं कौतुक झालं म्हणाल, तर घरचं उदाहरण घ्या. मुळा-मुठेच्या संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे सीओईपीचा, बोट क्लब आहे, १९२८ चा. सीओईपीची पोरं-पोरी अजून तिथे वल्ही मारतात आणि त्यांचा रेगाटा बघायला पुणेकर काठावर गर्दी करतात. जलपर्णी काढायची, वास सोसायचा, हाताला फोड आणायचे, आणि होडी पाण्यात घालायची. जवळजवळ शंभर वर्षं पुण्याच्या नदीवर खेळ जिवंत ठेवला तो या विद्यार्थ्यांनी. रॉयल कॅनॉट बोट क्लब तर १८६८ चा. त्याच्यावरून पडलेलं बोट क्लब रोड हे नाव आज फक्त महागड्या फ्लॅटच्या जाहिरातीत भेटतं. सांगलीला कृष्णेत होड्यांच्या शर्यती लागतात तेव्हा दोन्ही काठ माणसांनी फुलतात. नदीवर खेळायची आपल्याला हौस नाही असं कुणी म्हणू नये. हौस आहे, जागा नाही.

जागा नसली की लोक मिळेल तिथे जातात. आणि तिथे मरतात.

३० जून २०२४, रविवार. भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसं आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. १५ जून २०२५, पुन्हा रविवार. इंद्रायणीवर कुंडमळ्याचा लोखंडी पूल कोसळला, चार जण गेले, पन्नासहून जास्त जखमी झाले. पूल जुना होता, धोकादायक असल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं, नवा मंजूर झालेला होता. कुंडमळा हिंजवडीहून तासाच्या आत. त्या पुलावर उभे असलेले लोक तिथे काय करत होते? भर पावसातली नदी बघत होते. एवढंच.

प्रत्येक अपघातानंतर एकच गोष्ट घडते. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो: पाण्यात उतरू नका, सेल्फी काढू नका, संध्याकाळी सहानंतर थांबू नका. पूर्वी कलम १४४ होतं, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं १६३ आहे. बंदोबस्ताचा पोलिस चार रविवार उभा राहतो. मावळ-मुळशीतल्या पर्यटनासाठी आपल्याकडे बंदी सोडून दुसरं धोरणच नाही. मृतदेह शोधायला उतरतात ते लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र आणि वन्यजीव रक्षक मावळ यांचे स्वयंसेवक, आपापला रोजगार बुडवून. त्यांना आपण शाल-श्रीफळ देतो. त्यांच्यातल्याच पोरांना जीवरक्षक म्हणून पगार का देत नाही?

कासारसाईचंच घ्या. हिंजवडीची जमीन मुळात साखर कारखान्यासाठी घेतलेली होती. तिथे आयटी पार्क करू आणि कारखाना दुसरीकडे नेऊ असं ठरलं, हा किस्सा शरद पवार स्वतः सांगतात. संत तुकाराम कारखाना मग कासारसाई-दारुंब्र्याला उभा राहिला. आज रविवारी हिंजवडी त्याच रस्त्याने धरणावर जाते. मातीचा बांध, पलीकडे मोकळं पाणी, मावळतीकडे डोंगर. जागा फार सुंदर आहे. बांधाच्या कडेला दुतर्फा गाड्या, मॅगीच्या टपऱ्या, पाण्याकाठी दारूच्या फुटक्या बाटल्या. कणसं भाजणाऱ्या एका मावशींना मी विचारलं, पोरं उतरतात कुठे?

निखाऱ्यांवर पुठ्ठ्याने वारा घालत त्या म्हणाल्या, “तिकडं झुडपापाशी नका जाऊ दादा. वरनं गुडघाभर दिसतंय, दोन पावलांवर एकदम खोल हाय. पोरांना सांगती मी. पण मोबाइल धरून उभी राहत्यात, ऐकतंय कोण?”

मावशींना जे ठाऊक आहे ते लिहिलेला फलक त्या झुडपापाशी मला कुठे दिसला नाही. एक दोर, हवा भरलेली दोन टायरं, खोली दाखवणारे चार खांब, पोहता येणारी दोन माणसं, कचऱ्याचे डबे आणि बायकांसाठी स्वच्छतागृह. याला ४,७०० कोटी लागत नाहीत. हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीच्या एका पार्टीच्या खर्चात वर्षभराची सोय होईल. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के वाटा समाजकार्यावर खर्च करायचाच असतो. दर पाच जूनला टी-शर्ट घालून तीच रोपं त्याच खड्ड्यात लावण्यापेक्षा हा पैसा इथे लावा. आपल्याच कंपनीची माणसं रविवारी तिथे असतात.

आयटीतल्या मित्रमैत्रिणींनाही दोन शब्द. आपल्या सोसायटीचा एसटीपी चालू आहे का, हे या रविवारी खाली जाऊन बघा. सेक्रेटरीकडे विजेचं बिल मागा. यंत्र चालत असेल तर बिलात दिसेल. सोसायटीच्या सभेत पार्किंगवर तीन तास भांडतो आपण, सांडपाण्यावर पंधरा मिनिटं भांडा. पवनेच्या काठी तंबूत एका रात्रीचे दीड-दोन हजार मोजणाऱ्या माणसाला एसटीपीसाठी महिन्याला चारशे रुपये जास्त द्यायला काय हरकत आहे? ‘मी टॅक्स भरतो’ हे खरंच आहे, पण सोसायटीच्या पाइपातून जे नदीत जातं ते तुमचं-माझंच आहे.

गावकऱ्यांनाही सांगायचं आहे. चैत्र पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला जातं. हजारो माणसं, बैल, भंडारा, आणि सगळं शिस्तीत. कुणाचा मान कुठला, बगाडाचं लाकूड कुणी आणायचं, गळ कुणी धरायचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. एवढा मोठा उत्सव जी गावं कुठल्याही इव्हेंट कंपनीशिवाय पार पाडतात, त्यांना आपल्या ओढ्याकाठी डंपर ओतू न देणं अवघड नाही. गावाने मनावर घेतलं तर रात्रीचा एक डंपर आत शिरणार नाही. फक्त ज्याचा डंपर आहे तो आपल्याच भावकीतला निघाला तरी आडवं उभं राहायची तयारी हवी.

आणि सातही मालकांकडे एक मागणी. अंघोळीयोग्य पाण्याचं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं माप ठरलेलं आहे: एका लिटरमध्ये बीओडी, म्हणजे घाण कुजताना खाल्ला जाणारा ऑक्सिजन, ३ मिलिग्रॅमच्या आत, विरघळलेला ऑक्सिजन ५ मिलिग्रॅमच्या वर. वाकडच्या पुलाखाली, म्हाळुंग्याला, औंधला आणि संगमावर दर सोमवारी पाणी तपासा आणि आलेले आकडे मराठीत, मोठ्या अक्षरात, काठावरच्या फलकावर लिहा. खाली त्या पट्ट्याला जबाबदार अधिकाऱ्याचं पद आणि कचेरीचा फोन. बीओडी तीनच्या खाली येईपर्यंत त्या पट्ट्यात काठावर काँक्रीटचं एक घमेलंही पडू देऊ नका. ज्या पट्ट्याचं पाणी आधी सुधारेल त्याला बाकं आधी, दिवे आधी, होड्या आधी. पहिला फलक वाकडच्या पुलाखाली लावा, येत्या पावसाळ्याआधी. राडारोडा उचलून तिथवर जायची वाट तेवढी आधी करा.